लांब दांड्याची कुदळ

चाकोमा, रुम्फी
९ ऑक्टोबर १९८८

लुसुंगु,

तुझं ऑगस्टमधलं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला त्याचं कारण विचारू नकोस. बसायला फुरसत मिळत नाही, एवढंच समज.

इकडे सगळे बरे आहेत. बुयांची दृष्टी कमी झाली आहे, पण जीभ तशीच आहे. परवा मला माहेरच्या नावानं हाक मारून म्हणाल्या, "न्यागोंद्वे, तुझ्या डाळीत मीठ कमी आणि घरात धूर जास्त." सासू असावी तर अशी, तब्येतीची चौकशी करावी लागत नाही. तुझे थोरले दीर गेले त्याला येत्या जूनमध्ये तीन वर्षं होतील. बुया अजून त्यांचं ताट काढून ठेवतात आणि मग स्वतःच खातात.

भुईमुगाच्या शेताकडे गेलं की तुझी आठवण येते. अकरा वर्षं आपण दोघी जावांनी शेजारशेजारच्या पाती धरल्या. तू गाणं सुरू करायचीस, मी मध्येच शब्द चुकवायचे, आणि बांधावरून बुया ओरडायच्या, "तोंडानं तण निघत नाही!" मग तुझ्या नवऱ्याला मझुझूच्या डेपोत ड्रायव्हरची नोकरी लागली आणि तू गेलीस. सात वर्षं झाली. आता शेजारची पात रिकामी असते.

एक काम होतं. तू इस्पितळात हातापायांच्या व्यायामाच्या खात्यात काम करतेस, म्हणून विचारते. आपली शेजारीण न्याचिर्वा कंबरेनं बेजार आहे. वाकली की उठता येत नाही आणि उठली की वाकता येत नाही. तिच्यासाठी एखादं मलम असेल तर बसच्या कंडक्टरकडे दे. ती स्वतः लिहायला लाजते.

आणखी एक. गेल्या पावसात शेताचा खालचा अर्धा भाग तणात गेला. चुलतसासऱ्यांनी, म्हणजे आपल्या गावप्रमुखांनी, मला सगळ्यांसमोर सांगितलं की यंदा पुन्हा तणाला फुलं आली तर ते शेत त्यांच्या पुतण्याच्या, हॅरिसनच्या, धाकट्या बायकोला देतील. त्यांचंही बरोबर आहे, तिच्याकडे जमीन नाही आणि दोन मुलं आहेत. पण शेत गेलं की विधवा सुनेनं इथं कशाच्या जोरावर राहायचं? भावाच्या दारात जाऊन बसावं लागेल, या वयात. पण तू काळजी करू नकोस, यंदा नीट करीन.

तुझी जाऊ,
टोवेरा

*

मझुझू
२० ऑक्टोबर १९८८

थोरल्या जाऊबाई न्यागोंद्वे यांना,

पत्र वाचून आधी हसले आणि मग शेताचं आलं तेव्हा पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. पण मला तुमची काळजी नाही. तुमच्यासारखी दणकट बाई मी दुसरी पाहिली नाही. पाण्याचा हंडा डोक्यावर, पोर पाठीवर, आणि वर कुणाशी तरी भांडण, अशा तुम्ही माझ्या डोळ्यासमोर आहात.

न्याचिर्वांसाठी मलम पाठवते आहे. त्यानं ऊब मिळेल, पण दुखणं मलमानं जात नाही. आमच्या खात्यात रोज आठदहा बायका कंबर धरून येतात. मोठ्या सिस्टर आधी त्यांना बसवून विचारतात, मग हात लावतात. बायकांची कंबर दुखते त्याला एकच कारण नसतं. कुणाची बाळंतपणांनी पोटाची आणि कंबरेची पकड सैल झालेली असते. कुणाला पाळीच्या दिवसांत दुखतं. कुणाला अंगावरून जात असतं किंवा लघवीला जळजळ असते आणि दुखतं मात्र कंबरेत. पाळी गेल्यावर काहींची हाडं ठिसूळ होतात. आणि आमच्या दारात सर्वांत जास्त येतात त्या शेतात दिवसभर कंबरेतून वाकणाऱ्या.

म्हणून त्यांना हे विचारा: कधीपासून दुखतं? दुखणं पायात उतरतं का? खोकलं की वाढतं का? रात्री कूस बदलली तरी थांबत नाही असं होतं का? ताप, वजन उतरणं? आणि लाजू नका म्हणावं, लघवी धरून ठेवता येते का?

तोवर एवढं करायला सांगा. अंथरूण धरून पडायचं नाही, फार तर एक दिवस. हळूहळू चालत राहायचं. गरम पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं कंबरेवर ठेवायचं. निजताना कुशीवर, गुडघ्यांमध्ये कमरेला गुंडाळायच्या चिटेंजेची घडी. हंडा उचलताना गुडघ्यात वाकून, तो पोटाशी धरून उठायचं. एक मोठा हंडा आणण्यापेक्षा दोन लहान.

आणि जाऊबाई, तुम्हीच त्यांच्या शेतात दोन दिवस हात लावा ना. तुम्हाला काय, एका सकाळीत होईल.

तुमची,
लुसुंगु

*

चाकोमा
४ नोव्हेंबर १९८८

लुसुंगु,

मलम पोचलं. न्याचिर्वा म्हणते वास छान आहे.

तू विचारलंस ते तिला विचारलं. डाव्या बाजूला दुखतं. सकाळी उठल्यावर सरळ व्हायला बराच वेळ लागतो, आधी चुलीपर्यंत तशीच वाकून जाते. खोकलं की वाढतं. ताप नाही. लघवीचं ठीक आहे, आणि असलं पुन्हा पत्रात लिहू नकोस, पत्र दुकानदार म्बालेच्या हातून येतं. आणि त्याचं बोट पाकिटाच्या चिकटवलेल्या कडेवर असतं.

सुरुवात चौथ्या बाळंतपणानंतर झाली. मूल पायाळू होतं, नदीवरचा पूल वाहून गेला होता, इस्पितळाला जायला वाट नव्हती. दोन दिवस लागले. त्यानंतर महिनाभरानं ती पुन्हा शेतात गेली आणि तेव्हापासून कंबर कधी पूर्वीसारखी झालीच नाही. पण दुखतं म्हणून कुणाला सांगायचं? सगळ्यांचीच दुखते. ज्याचं पोट रिकामं त्यानं उपाशी शेजाऱ्याला भूक लागल्याचं सांगावं, तसं ते.

म्हाताऱ्या न्यामकांडवायरेनं शिंग लावून रक्त काढलं. तीन दिवस बरं वाटलं. नंतर पुन्हा तेच.

पेरणी झाली. बियांसाठी ठेवलेले शेंगदाणे बुयांनी स्वतः सोलले. अंगठा सुजला तरी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. तुला आठवतं, आपण सोलता सोलता मूठभर खायचो आणि त्या टरफलं मोजून ओळखायच्या?

टोवेरा

*

मझुझू
१५ नोव्हेंबर १९८८

जाऊबाई,

न्याचिर्वांना एकच मुलगी आहे. ती डोक्यानंच जन्माला आली, आणि तेव्हा पूल जागेवर होता.

पायाळू मूल तुमचं. तुमचा मबोंगा. पूल वाहून गेला तेव्हा तुमच्या उशाशी मी होते. तुम्ही माझा हात इतका दाबला होता की दुसऱ्या दिवशी मला कुदळ धरता आली नाही. हे मला विसरायला होईल असं तुम्हाला वाटलं? की सात वर्षांत मी इतकी शहरातली झाले की माझ्याकडे दुसऱ्या बाईच्या नावानं यावं लागतं?

आणि मी काय लिहिलं! "तुम्हाला काय, एका सकाळीत होईल." ते वाक्य वाचताना तुम्ही कुठे बसला होतात, की उभ्या होतात, याचाच विचार करते आहे.

रागावून झालं. आता ऐका.

मी मोठ्या सिस्टरना सगळं सांगितलं. त्यांच्या मते हे शरीर झिजल्याचं आणि एकाच तऱ्हेनं राबल्याचं दुखणं दिसतं, जिवावरचं नाही. पण पायात मुंग्या आल्या, पाय लुळा वाटला, बसतो त्या जागी बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी बस धरायची. ही तुमची लाज ठेवायची जागा नाही. म्बालेनं वाचलं तर वाचू दे. बिचाऱ्याच्या बायकोलाही उपयोग होईल.

शिंग लावायचंच असेल तर ब्लेड नवं आणि फक्त तुमचं. रोज सकाळी उठण्याआधी चटईवरच उताणं पडून एक गुडघा छातीशी घ्या, दहा आकडे मोजा, मग दुसरा. नंतर पावलं जमिनीवर टेकून कंबर जरा वर उचला आणि सावकाश खाली आणा. दुखणं कळ मारू लागलं तर तिथं थांबा.

पण खरं औषध वेगळं आहे. आपल्या कुदळीचा दांडा आठवा. लग्नाच्या दिवशी बुयांनी माझा हात लांब करून कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत मोजून तो कापायला लावला होता. तुमचाही तसाच. "दांडा लांब, तर बाई आळशी." त्या दांड्यानं काम करायचं तर कपाळ गुडघ्याशी आणावं लागतं. अकरा वर्षं आपण तशा वाकलो आणि तुम्ही अठ्ठावीस. मी इथल्या सुताराकडून छातीएवढा दांडा करून घेतला आहे. पातं तेच, दांडा लांब. उभं राहून ओढायची. बसनं पाठवते.

आधी मला खरं लिहा. दुसऱ्या कुणाच्या नावानं नको.

लुसुंगु

*

चाकोमा
३० नोव्हेंबर १९८८

लुसुंगु,

तू जिवंत आहेस ना? इथं तर तुझी मयत होऊन गेली.

झालं असं. कंडक्टरनं तुझं गाठोडं म्बालेच्या दुकानात टाकलं आणि तोंडी निरोप दिला, "न्यागोंद्वेसाठी, मझुझूच्या इस्पितळातून." म्बालेनं पाहिलं तर माणसाच्या छातीएवढं लांब, आणि वर इस्पितळाची पांढरी चादर घट्ट बांधलेली. तुला माहीत आहे इथं काय पद्धत आहे. शहरात कुणी गेलं की आधी थडग्यावरचा क्रूस येतो, मागून पेटी. म्बालेनं काय समजायचं ते समजून घेतलं आणि तुझं माहेरचं नाव घेऊन निरोप धाडला, "न्याम्सिस्का गेली."

बुया अंगणात पाय पसरून बसल्या आणि त्यांनी जो टाहो फोडला, तसा पोटच्या पोरासाठीही फोडला नव्हता. "माझी धाकटी! चटाचटा हात चालवणारी माझी सून!" मी तर चुलीवरचं भांडं तसंच सोडून बाहेर आले. तासाभरात बायका डोक्याला फडकी बांधून आल्या. कुणी पीठ, कुणी लाकडं, कुणी कोंबडी. चर्चच्या बायकांची दोन गाणी म्हणून झाली. प्रमुख स्वतः काठी टेकत आले आणि थडगं तुझ्या दिराशेजारी की सासऱ्यांशेजारी यावर चर्चा सुरू झाली.

मग गाठोडं आलं. दोन पुरुषांनी अदबीनं आणलं. प्रमुखांनी टोपी काढली. मी गाठ सोडली, आणि आत कुदळ! वर तुझी चिठ्ठी: "उभ्यानं ओढावी. वाकू नये."

मग बुयांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "मेली असती तर एवढं पीठ तरी सत्कारणी लागलं असतं!" आणि सगळं अंगण हसायला लागलं. हॅरिसन तर जमिनीवर लोळला. आणलेल्या पिठाची न्सिमा शिजली होतीच. तुझ्या मयतीचं जेवण तुला सोडून सगळ्यांनी खाल्लं.

न्याचिर्वाच्या नावानं लिहिलं, चुकले. तू तिथं पांढरा कोट घालून कामाला जातेस. मी तुझी थोरली. तुझ्यासमोर मोडकी कशी यायची?

कुदळ छान आहे. वापरते आहे. कंबरेला बरंच हलकं वाटतं. व्यायामही करते.

टोवेरा

*

मझुझू
१२ डिसेंबर १९८८

जाऊबाई,

तुमचं पत्र मी खात्यात मोठ्यानं वाचून दाखवलं. मोठ्या सिस्टर हसून हसून टेबलाला टेकल्या. घरी नवऱ्यानंही ते वाचलं. संध्याकाळी म्हणाला, "आईनं खरंच टाहो फोडला?" बुया माझ्यासाठी रडल्या हे त्यालाही नवीन, मलाही.

कुदळ वापरता हे वाचून मन हलकं झालं. आता एकच करा. एक पात झाली की थांबा, हात कंबरेवर ठेवून जरा मागे रेला, दहा पावलं चाला, मग पुढची पात. कामाचा वेग धरू नका, रीत धरा.

इथं रविवारी दुपारी खिडकीपाशी बसते आणि शेत आठवतं. सकाळचं धुकं, ओल्या मातीचा तो थंडपणा पायांना, मोसंबीच्या झाडाखाली ठेवलेला, थोब्वा प्यायचा भोपळा. मी चिमांगोच्या वेळी सात महिन्यांची होते, तरी माझी पात तुमच्या बरोबरीनं संपायची. बुया एकदा म्हणाल्या होत्या, "धाकटी पोटुशी असून थोरलीला हटत नाही." जाऊबाई, मला आयुष्यात कुणी इतकं चांगलं म्हटलेलं नाही. इस्पितळाचं प्रमाणपत्र मिळालं तेव्हाही मला तेच वाक्य आठवलं. वाटलं, हे हात तिथेच तयार झाले.

नाताळाला साखर आणि साबण पाठवते.

लुसुंगु

*

चाकोमा
२७ डिसेंबर १९८८

लुसुंगु,

खोटं फार दिवस ओढवत नाही. कंबरेनंच शिकवलं.

तुझा दांडा मी कापला. तो आला त्याच्या दुसऱ्या दिवशी, हॅरिसनच्या करवतीनं. कोपरापासून बोटांपर्यंत. शेत पाणवठ्याच्या वाटेवर आहे. पहिल्या सकाळी उभी राहून दोन हात ओढले असतील, तेवढ्यात वाटेवरून आवाज आला, "न्यागोंद्वे, मयत कुठवर आली?" दुसरी म्हणाली, "अगं, मळ्यावरचा मुकादम उभा आहे तो!" शेत राहतं की जातं अशी वेळ, आणि मी आळशी बाईसारखी ताठ उभी! प्रमुखांच्या कानावर गेलं तर तण बघायलासुद्धा यायचे नाहीत, तिथूनच निकाल देतील. म्हणून कापला.

आता तण गुडघ्यापर्यंत आहे. वीस जानेवारीला प्रमुख पाहायला येणार. मी दिवसाला अर्धी पात करते. परवापासून डाव्या पायात पोटरीपर्यंत मुंग्या येतात. काल शेतात गुडघ्यांवर रांगत तण उपटलं. बरं झालं, धुकं होतं.

दुसरीही गोष्ट सांगते, आता लपवायला काही उरलं नाही. चिमांगोच्या वेळी तुझी पात तू पुरी केली नव्हतीस. मी माझी भरभर उरकायचे, शेताच्या टोकाशी जायचे आणि तुझ्या पातीत उलट्या बाजूनं यायचे. तू खाली मान घालून असायचीस, वर पाहिलंस की अर्ध्यात आपली गाठ पडायची. पण तोवर मी शेजारच्या माझ्या पातीत सरकलेली असायचे, तुला वाटायचं मी तिथंच होते. बुयांना ठाऊक असेल की नाही, कोण जाणे. मबोंगा तेव्हा चार महिन्यांचा होता, पाठीवर.

हे उपकार म्हणून सांगत नाही. दुखलं की माणूस वाईट होतं, म्हणून तोंडातून निघालं. तू येऊ नकोस. तुझी नोकरी आहे.

टोवेरा

*

मझुझू
४ जानेवारी १९८९

जाऊबाई,

शनिवारच्या बसनं येते. आठ दिवसांची रजा मिळाली. दांडे दोन आणते आहे, चादरीत न गुंडाळता.

तोवर शेतात जायचं नाही. आडवं पडूनही राहायचं नाही, अंगणात फिरा. पाऊल फरफटलं किंवा लघवीचा ताबा सुटला तर माझी वाट पाहू नका, कुणाच्याही सायकलवर बसून थेट रुम्फीच्या इस्पितळात जा.

बाकीचं येऊन बोलू. ते पत्रात लिहिता येत नाही. चार वेळा लिहून फाडलं.

लुसुंगु

*

चाकोमा
१२ फेब्रुवारी १९८९

लुसुंगु,

तू गेलीस त्या रविवारपासून लिहायचं लिहायचं म्हणते आहे. आज न्सिमा लवकर झाली, म्हणून बसले. हो, बसले. पाठीशी धान्याचं पोतं लावून, तू दाखवलंस तसं.

आधी पाय. मुंग्या कमी झाल्या आहेत. तू मला टाचांवर चालवलंस, मग चवड्यांवर, आणि अंगणात पोरं मागून नक्कल करत होती, तेव्हा मला तुला मारावंसं वाटत होतं. पण तू "बळ गेलेलं नाही, घाबरू नका" म्हणालीस आणि त्या दिवशी मी सहा महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवले.

तू गेलीस तेव्हा एक तृतीयांश शेत राहिलं होतं. तू असताना ठीक होतं. लोक म्हणायचे, "ती शहरातली मॅडम, तिला वाकताच येत नाही," आणि तुझ्याशेजारी मीही खपून जायचे. सोमवारी एकटीच गेले. लांब दांडा चिटेंजेखाली लपवून नेला. कसला लपतो! चालताना बाई नव्हे, जिराफ वाटले असेन.

वाटेवर बायका थांबल्या. हॅरिसनची धाकटी त्यात होती. दुसरी कुणी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "न्यागोंद्वे, उभ्यानं काम करताय, शेत मला देऊन टाकायचं ठरवलंत का?" बाकीच्या हसल्या. तिला हसू येत नव्हतं. तिचं आठव्या महिन्याचं पोट आणि हात कंबरेवर. मी तिला म्हटलं, "तुझी कंबर कुठे दुखते?" ती म्हणाली, "कुठेही दुखत नाही." मी म्हटलं, "माझीही अठ्ठावीस वर्षं दुखत नव्हती." मग मी पाठ फिरवली आणि पहिली ओळ ओढली. मागे कुणी हसलं की नाही, कळलं नाही. कदाचित हसल्या असतील. एक पात, थांबणं, दहा पावलं, दुसरी पात. गुरुवारी संध्याकाळी शेवटची पात संपली.

शुक्रवारी प्रमुख आले. बरोबर हॅरिसन, दोन जाणती माणसं आणि बुया. शेत स्वच्छ होतं. प्रमुख या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरले. मग हॅरिसन म्हणाला, त्याला बोलणं भागच होतं, "काका, हे उभ्यानं केलेलं आहे. सगळ्या गावानं पाहिलं. वरवर खरवडलेलं तण आठ दिवसांत परत येतं. ही काही निंदणी नव्हे." जाणती माणसं माना हलवू लागली. प्रमुखांनी बुयांकडे पाहिलं. शेत मुळात त्यांनी फोडलेलं, दांड्याचं मापही त्यांचंच. त्या काय म्हणतात तेच होणार होतं.

लुसुंगु, मला वाटलं, शेत गेलं. तू आठ दिवस होतीस तेव्हा बुया त्या कुदळीकडे बघायच्या आणि थुंकायच्या, हे तूही पाहिलंस.

बुया पातीत शिरल्या. गुडघे टेकून बसल्या. डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून बोटं मातीत खुपसली. इथं, तिथं, पुढे सरकून पुन्हा. मग एक झाड भुईमुगाचं धरून जरासं हलवलं. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी हातावरची माती झटकली आणि म्हणाल्या, "मुळं निघाली आहेत. बाई उभी होती की वाकलेली, ते मुळांना विचार, हॅरिसन. तू तर दोन्हींपैकी काहीच नव्हतास."

प्रमुखांना हसू आवरेना. ते म्हणाले, "शेत न्यागोंद्वेचं. हॅरिसनच्या बायकोसाठी पाणवठ्यापलीकडचा पडीक तुकडा बघू." पडीक म्हणजे तिला तो आधी फोडावा लागेल. मी तिला म्हटलं आहे, बाळंत झालीस आणि चाळीस दिवस होऊन गेले की आपण दोघी मिळून फोडू, माझ्याकडच्या दुसऱ्या दांड्यानं. ती "बघू" म्हणाली. सध्या रोज संध्याकाळी अंगणात येऊन बसते, मी कंबरेला गरम फडकं देते.

माझी कंबर दुखायची थांबलेली नाही, खोटं सांगणार नाही. पूर्वी दुखणं माझ्या पुढे चालायचं, आता मागून येतं. कधी कधी बरंच मागे राहतं.

आणि तू जाताना पुन्हा पुन्हा म्हणालीस, "तुमचं आयुष्य माझ्या पातीत गेलं." असं म्हणू नकोस. दोन पाती ओढताना कंबर जायची ती गेलीच, पण अर्ध्यात तू मान वर करायचीस, मला बघून हसायचीस, आणि आपण दोघी एकदमच पाणी प्यायला जायचो. मी दुसरी कुठली सकाळ आठवत बसते असं तुला वाटतं?

आज सकाळची गोष्ट सांगून संपवते. मी चटईवर गुडघा छातीशी घेऊन पडले होते. बुया दारात आल्या. मला वाटलं, आता बोलणी बसणार. त्या आत आल्या, माझ्या शेजारी हात टेकत टेकत उताण्या झाल्या. म्हणाल्या, "कोणता पाय आधी?" मी दाखवला. गुडघा निम्म्यावर आला आणि त्यांच्या तोंडून असा आवाज निघाला की मी घाबरून उठले. म्हटलं, "बुया, कधीपासून दुखतं आहे?"

त्यांनी गुडघा सावकाश खाली सोडला. मग म्हणाल्या, "तुझा नवरा पोटात होता तेव्हापासून."

आम्ही दुसरा पाय घेतला.

टोवेरा